२५ ऑक्टोबर हा दिवस कोणाचा?

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यातील इतर तालुक्यांप्रमाणे औशातही ध्वज फडकतो. शाळकरी मुलांच्या प्रभातफेऱ्या निघतात, हुतात्म्यांच्या स्मृतीस पुष्पचक्र वाहिले जाते, निजामाच्या जोखडातून मराठवाडा कसा मुक्त झाला याचे भाषण होते आणि दुपारच्या आत सारे आटोपून कचेऱ्या पुन्हा आपल्या संथ गतीला लागतात. नेमक्या त्याच सुमारास वाड्या-तांड्यांवर दुसरा एक व्यवहार पुरा होत आलेला असतो. मुकादमाने उचल वाटलेली असते. कागदांवर सह्या आणि अंगठे उमटलेले असतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, असे किती कोयते कोणत्या कारखान्याला जायचे हे ठरलेले असते. पुढे महिना-दीड महिन्यात ट्रॅक्टर येतात, पत्रे, भांडीकुंडी, शेरडे आणि लहान मुले ट्रॉलीत चढतात, आणि मुक्तिसंग्रामाचे पोवाडे ज्या चौकात गायिले गेले त्याच चौकातून ही मुक्त प्रजा ऊस तोडण्यासाठी निघून जाते.

या दोन प्रसंगांच्या मध्ये एक तारीख येऊन जाते. तिच्या दिवशी ध्वज फडकत नाही, सुट्टी नसते, भाषण होत नाही. ती तारीख म्हणजे २५ ऑक्टोबर. १९७५ साली याच दिवसापासून वेठबिगार पद्धत निर्मूलनाचा कायदा अमलात आला. २४ ऑक्टोबरला वटहुकूम निघाला, १९७६ च्या फेब्रुवारीत त्याचे कायद्यात रूपांतर झाले आणि अंमल मात्र २५ ऑक्टोबरपासूनच धरला गेला. या देशात कर्जापोटी बांधला गेलेला प्रत्येक मजूर त्या क्षणापासून मुक्त समजला जाईल, त्याच्याकडून वेठ घेणारा करार, रूढी वा कागद रद्दबातल होईल आणि ज्या कर्जापायी तो बांधला गेला ते कर्ज विझून जाईल, असे हा कायदा सांगतो. भारताच्या कायदेपुस्तकात गुलामगिरीचा अंत सांगणारे याहून स्पष्ट वाक्य दुसरे नाही. जगातील कोणत्याही देशाने अशा दिवसाची जत्रा केली असती. येथे पक्षाच्या शंभर कार्यकर्त्यांना विचारले तर दहांनाही ही तारीख आठवणार नाही.

प्रस्थापित पक्षांना ती आठवत नाही याचे नवल करण्याचे कारण नाही. ज्यांचे राजकारण साखर कारखान्याच्या संचालक मंडळातून सुरू होते आणि तेथेच विसावते, त्यांनी मुकादमाच्या वहीविरुद्धचा सण साजरा करावा ही अपेक्षाच भाबडी आहे. परंतु समाजवादी चळवळीला ती का आठवू नये? या प्रश्नाचे उत्तर अडचणीचे आहे, म्हणूनच ते स्वच्छपणे मांडले पाहिजे. तो वटहुकूम आणीबाणीचा होता. १ जुलै १९७५ रोजी जाहीर झालेल्या वीस कलमी कार्यक्रमातले ते एक कलम होते. तो निघाला तेव्हा जयप्रकाश स्थानबद्ध होते, मधू लिमये आणि मधू दंडवते तुरुंगात होते, मृणाल गोरे यांच्यामागे पोलीस होते वा त्या कोठडीत होत्या, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला होता, आणि जीविताच्या व स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्कासाठी न्यायालयाचे दार ठोठावण्याची सोयही राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद झाली होती. ज्या हाताने साऱ्या देशाला बेड्या घातल्या त्याच हाताने शेतमजुराच्या बेड्या तोडल्याचे जाहीर केले. तो हात समाजवाद्यांनी चुंबावा असे कोणी म्हणणार नाही. पण रागाच्या भरात त्यांनी तोडलेल्या बेडीकडेही पाठ फिरवली, ही चूक झाली. लोहियांनी फावडे, तुरुंग आणि मतपेटी अशी तीन साधने सांगितली होती. चळवळीने आपला तुरुंग मोठ्या अभिमानाने लक्षात ठेवला, मतपेटीचा हिशेबही ठेवला. ज्याच्या हातात फावडे होते त्याची सुटका कोणत्या तारखेला झाली, हे मात्र विसरून गेली.

मुक्तीचा हुकूम कोणाच्या सहीने निघाला यावरून मुक्तीचा दिवस टाकून द्यायचा ठरवले, तर जगात असा एकही दिवस शिल्लक राहणार नाही. अमेरिकेतील काळ्या जनतेचा जूनटीन्थ हा सण पाहावा. जून महिना आणि त्याची एकोणिसावी तारीख या दोन इंग्रजी शब्दांचा सांधा लोकांच्याच तोंडी जुळून हे नाव झाले. लिंकन यांची गुलाममुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ पासून लागू झाली, पण ती युद्धकाळातील लष्करी उपाययोजना होती. बंडखोर राज्यांपुरतीच तिची व्याप्ती होती, आणि जी गुलाम राज्ये उत्तरेच्या बाजूने राहिली होती तेथील गुलामांना तिने हातही लावला नाही. टेक्ससमध्ये सुमारे अडीच लाख माणसे गुलाम होती. त्यांच्यापर्यंत ती घोषणा अंमलदारासह पोचायला १९ जून १८६५ उजाडला. त्या दिवशी जनरल गॉर्डन ग्रेंजर गॅल्व्हस्टन बंदरात आपला तिसऱ्या क्रमांकाचा आदेश जाहीर करता झाला. म्हणजे मुक्त ठरल्यानंतरही अडीच वर्षे या माणसांनी मालकांचा कापूस वेचला.

आणि त्या आदेशातही काय होते? पूर्वार्धात सर्व गुलाम मुक्त आहेत, मालक आणि गुलाम यांचे नाते यापुढे मालक आणि मजूर असे राहील, असे होते. उत्तरार्धात मात्र मुक्त झालेल्यांनी शांतपणे आहेत तेथेच राहावे आणि मजुरीवर काम करावे, लष्करी तळांवर गोळा होऊ नये, रिकामटेकडेपणाला थारा मिळणार नाही, अशी तंबी होती. स्वातंत्र्य देणाऱ्या कागदावरच मळा न सोडण्याची सूचना छापलेली होती. टेक्ससच्या काळ्या जनतेने तो कागद पूर्वार्धासह आणि उत्तरार्धासह उचलला आणि त्याचा सण केला. पुढच्याच वर्षापासून लोक जमू लागले. आदेश मोठ्याने वाचला जाई, प्रार्थना होत, ज्यांनी गुलामी भोगली ते वृद्ध उभे राहून आपली हकिकत सांगत, नंतर सामुदायिक जेवण होई. सार्वजनिक बागांत काळ्यांना मज्जाव होता. तेव्हा १८७२ साली ह्यूस्टनच्या मुक्त गुलामांनी, जॅक येट्स या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने, एक हजार डॉलर वर्गणी जमवून दहा एकर जमीन विकत घेतली. सणाला उभे राहण्यापुरती का होईना, पण स्वतःची जमीन! ती बाग आजही मुक्तीच्याच नावाने ओळखली जाते. सरकारला मात्र जाग यायला वेळ लागला. टेक्सस राज्याने १९८० पासून या दिवसाची सुट्टी दिली, तर साऱ्या राष्ट्राची सुट्टी व्हायला २०२१ साल उजाडले. दीडशे वर्षे तो दिवस लोकांनीच जिवंत ठेवला होता.

मराठवाड्याच्या १७ सप्टेंबरचे नेमके उलटे झाले आहे. येथे दिवस सरकारने सांभाळला आणि लोक त्याचे प्रेक्षक झाले. गेल्या काही वर्षांत तर त्याच्या नावावरूनच सत्ताधाऱ्यांत ओढाताण चालू आहे. २०२२ साली केंद्राने हैदराबादेत मुक्तिदिन म्हणून सोहळा केला, त्याच वर्षी तेलंगणाच्या सरकारने राष्ट्रीय एकात्मता दिन म्हटले, २०२४ मध्ये तेथील नव्या सरकारने आणखी तिसरे नाव शोधले. कर्नाटकाचे नाव चौथेच आहे. नाव कोणते, हा वाद ज्यांची पोटे भरलेली आहेत त्यांना परवडतो. त्या दिवशी नेमके कोण कशातून मुक्त झाले, हा प्रश्न यांपैकी कोणीच विचारत नाही.

तो विचारला की हिशेबाची वही उघडावी लागते. ब्रिटिश साम्राज्यात १ ऑगस्ट १८३४ रोजी गुलामगिरी रद्द झाली, तेव्हा पार्लमेंटने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई मंजूर केली होती. ही रक्कम त्या सरकारच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे चाळीस टक्के होती, आणि तिच्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश ब्रिटिश करदात्यांनी २०१५ साली फेडला. भरपाई मिळाली ती गुलामांच्या मालकांना. गुलामांना एक पै मिळाली नाही. उलट उमेदवारीच्या नावाखाली १८३८ पर्यंत त्यांना त्याच मळ्यांवर राबवून घेण्यात आले. मग त्या मळ्यांवर मजूर कोठून आणायचे? २ नोव्हेंबर १८३४ रोजी हिंदुस्थानातील करारबद्ध मजुरांना घेऊन आलेले जहाज मॉरिशसच्या किनाऱ्याला लागले. पुढे कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही त्या बेटावर आहेत. साखळी गेली आणि तिच्या जागी गिरमिट आले. मॉरिशसच्या लोकांनी एक शहाणपण दाखवले आहे. १ फेब्रुवारी हा गुलामगिरी संपल्याचा दिवस आणि २ नोव्हेंबर हा करारबद्ध मजूर आल्याचा दिवस, असे दोन्ही दिवस ते राष्ट्रीय सुट्टी म्हणून पाळतात. एकाशिवाय दुसऱ्याचा अर्थ लागत नाही हे त्यांना कळले आहे. पीक तेव्हाही ऊसच होते, हे औशाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता हैदराबादची वही. संस्थानचा सुमारे एक तृतीयांश मुलूख जहागिरीत होता आणि त्याशिवाय निजामाची खासगी सर्फेखास जमीन वेगळी होती. पोलीस कारवाई १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली आणि १७ ला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर त्या पराभूत सुलतानाचे काय झाले? वर्षाला पन्नास लाखांचा तनखा, सर्फेखास गेल्याबद्दल पंचवीस लाख, वाडे-हवेल्यांच्या देखभालीसाठी आणखी पंचवीस लाख, असे वर्षाचे एक कोटी रुपये त्याला बांधून मिळाले. १९५० पासून १९५६ पर्यंत तो राजप्रमुख म्हणून गादीवर राहिला. १९४९ मध्ये जहागिरी खालसा झाल्या त्याही जहागीरदारांना मोबदला देऊन. जहागीरदाराच्या घोड्याला चंदी, पाहुण्याला सरपण आणि दौऱ्यावरील अंमलदाराला पाणी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट पुरवले त्या बलुत्या-मजुरांच्या वेठीचा मोबदला कोणत्या खात्यावर पडला? लंडनची दोन कोटींची वही आणि हैदराबादची एक कोटीची वही शेजारी ठेवली तर हस्ताक्षर एकच असल्याचा भास होतो.

निजामी राजवटीत कर्जापोटी राबणाऱ्या गड्याला 'भगेला' म्हणत. १९४३ मध्ये संस्थानने भगेला करारांबाबत एक कायदा केला खरा, पण जेथे देशमुखाचा शब्द हाच कायदा होता तेथे तो कागदावरच राहिला. २६ जानेवारी १९५० ला संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठ निषिद्ध ठरली. ती घेणाऱ्याला शिक्षा देणारा देशव्यापी कायदा यायला आणखी पंचवीस वर्षे गेली. १९७५ च्या त्या कायद्यात वेठीच्या प्रकारांची जी यादी दिली आहे तिच्यात 'भगेला' हा हैदराबादी शब्द नोंदलेला आढळतो. मुक्तीनंतर सत्तावीस वर्षांनीही दिल्लीच्या कायदेपंडितांना तो शब्द यादीत घालावासा वाटला, यातच १७ सप्टेंबरच्या भाषणांचे उत्तर आहे.

तेलंगणात ही गोष्ट लोकांना आधीच कळली होती. तेथील लढ्याचा प्राणच वेट्टीविरुद्धचा संताप हा होता. ४ जुलै १९४६ ला कडवेंडी गावात देशमुखाच्या माणसांच्या गोळीने दोड्डी कोमरय्या पडला तो वेठ आणि जुलूम यांच्याविरुद्धच्या मिरवणुकीत. मराठवाड्यातील लढा शौर्यात कमी नव्हता. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी तुरुंगात गेले, सरहद्दीवरच्या कॅम्पांतून तरुणांनी प्राण पणाला लावले. स्वामीजींना जमिनीच्या प्रश्नाचे भानही होते. परंतु नंतरच्या पिढ्यांनी या लढ्याची जी कथा रचली तिच्यात ध्वज राहिला, रझाकार राहिले आणि वेठ वगळली गेली. मग मोकळ्या जागेत द्वेष शिरला. १७ सप्टेंबर हा एका धर्माचा दुसऱ्यावरील विजय म्हणून सांगण्याची चढाओढ आज दिसते ती याच पोकळीतून. रझाकारांच्या हातून मारला गेलेला 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान मुसलमान होता, हे ती कथा सांगत नाही. पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत संस्थानात निदान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा अंदाज पंडित सुंदरलाल समितीने दिला. ज्या चार जिल्ह्यांत सर्वाधिक कहर झाला त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते, आणि औसा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. हेही ती कथा सांगत नाही. वेठीच्या इतिहासाला असा धर्म चिकटवता येत नाही. देशमुख हिंदू होता, जहागीरदार बहुधा मुसलमान होता, आणि राबणाऱ्याला दोघांच्याही दारात जोडे काढूनच उभे राहावे लागे.

वेठीचे पंचांगही वेगळे आहे. मराठवाड्यात सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते. मालकाच्या दारात गुढी उभी राहते त्या दिवशी गड्याची जुनी बाकी मोजली जाते आणि ती फिटली नसेल तर नव्या वर्षाच्या डोक्यावर चढते. पोळ्याला बैलाला विसावा मिळतो, त्याच्या खांद्याला तूप-हळद लागते. ते लावणारा, त्याला धुणारा आणि सजवणारा सालगडी मात्र त्या दिवशी अंमळ लवकरच उठतो. आणि लातूर-धाराशिवकडचा तो अनुपम सण, मार्गशीर्ष अमावास्येची येळवस! सारे गाव शेतात उतरते, कडब्याची खोप उभी राहते, पाच पांडव मांडले जातात, आंबील आणि भज्जीची पंगत बसते, वाटसरूलाही आग्रहाने जेवू घालतात. या सणासारखा समतेचा सुंदर देखावा महाराष्ट्रात दुसरा क्वचित असेल. पण त्या दिवशी ज्यांना शेतच नाही ती भूमिहीन कुटुंबे कोठे असतात? त्यांतली कितीतरी कोणत्या तरी कारखान्याच्या तळावर पाचटाच्या खोपीत असतात. त्यांचीही खोपच, पण ती सणाची नव्हे. पहाटे कोयता घेऊन निघायचे, संध्याकाळी मोळ्या वाहून गाडी भरायची, आजारपणात एक दिवस बुडाला तर खाडा भरायचा. गावाचा सण समान असतो तो गावात उरलेल्यांपुरता.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो आपल्याच माणसांकडून येतो. उचल ही वेठ नव्हे, ती मजुराची पत आहे, असे म्हणतात. बँक ज्याला दारात उभे करत नाही त्याला मुकादम हजारो रुपये रोख देतो. मजूर राजीखुशीने घेतो. कधी दोन मुकादमांकडून घेऊन तिसऱ्याबरोबर निघून जातो आणि मुकादमच बुडतो. या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. पळून जाणारे असतात. कारखान्याकडून पैसा उचलून स्वतः देशोधडीला लागलेले मुकादमही आहेत. परंतु अर्थशास्त्राचा पहिला धडा असा की कर्जाचा खरा दर व्याजाच्या रकान्यात दिसलाच पाहिजे असे नाही. तो मजुरीच्या रकान्यातही लपवता येतो. जो सावकारही आहे आणि कामाचा पुरवठादारही आहे तो व्याज माफ केल्याचे औदार्य सहज दाखवू शकतो, कारण ते व्याज कमी दराने तोडलेल्या प्रत्येक टनात वसूल होते. व्यवहार खुषीचा होता की नाही हे उचल घेतानाच्या चेहऱ्यावरून ठरत नाही. हंगामाच्या मध्यावर मजुराला 'मी जातो' म्हणता येते की नाही, यावरून ते ठरते. ज्याला तसे म्हणता येत नाही, ज्याच्या बायकोला वा मुलाला बाकीपोटी अडकवून ठेवता येते, तो मजूर मुक्त नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने हे फार पूर्वीच सांगितले आहे. १९८२ च्या एशियाड बांधकाम मजुरांच्या निकालात किमान वेतनाहून कमी मजुरीवर घेतलेले काम ही सक्तीची मजुरीच होय, कारण भूक हीदेखील सक्ती आहे, असे न्यायमूर्ती भगवती यांनी मांडले. १९८४ च्या बंधुआ मुक्ती मोर्चाच्या निकालाने त्यापुढे जाऊन म्हटले की सक्तीची मजुरी दिसली की तिच्यामागे उचल वा कर्ज आहे असेच धरून चालावे, आणि तसे नाही हे मालकाने सिद्ध करावे. कायद्याचे पंधरावे कलमही हा भार सावकारावरच टाकते. नवव्या कलमाप्रमाणे विझलेल्या कर्जापोटी पैसा स्वीकारणे हाच गुन्हा आहे. तेराव्या कलमाप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात व उपविभागात दक्षता समिती असली पाहिजे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. दंडाचा आकडा वाचून आज हसू येईल, पण कैदेची तीन वर्षे हसण्यासारखी नाहीत. १९७८ च्या सुमारास गांधी शांती प्रतिष्ठानच्या पाहणीने दहा राज्यांत सुमारे २६ लाख वेठबिगार असल्याचा अंदाज दिला होता. २०१६ साली केंद्र सरकारने २०३० पर्यंत १ कोटी ८४ लाख वेठबिगारांना मुक्त करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. सरकारनेच आकडा सातपट मान्य केला, आणि तरीही तालुक्यात एकही वेठबिगार नाही असा दाखला सहीशिक्क्यानिशी वर पाठवण्याची रीत काही सुटत नाही.

औशाच्या भुईकोटाकडे पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात यावी. हा किल्ला सतराव्या शतकाच्या प्रारंभी मलिक अंबरच्या ताब्यात होता आणि गावाला त्याच्या नावावरून काही काळ अंबरापूर म्हणत, अशी नोंद जिल्ह्याच्या इतिहासात आहे. मलिक अंबर हबसाणात जन्मला, बाजारातून बाजारात विकला गेला आणि अहमदनगरच्या निजामशाहीत चंगीझखान या पेशव्याच्या पदरी आला. धन्याच्या मृत्यूनंतर धन्याच्या विधवेने त्याला मोकळे केले. पुढे त्याने मोगलांना पाव शतक झुंजवले, जमीनधाऱ्याची नवी व्यवस्था बसवली. गुलाम म्हणून विकलेल्या माणसाचे नाव एका गावाने धारण करावे ही गोष्ट लहान नाही, आणि औशाच्या शाळेत ती शिकवली गेली पाहिजे. पण तिचा उरलेला अर्धाही शिकवला पाहिजे. मोकळ्या झालेल्या मलिक अंबरने आपल्या फौजेत हबशी गुलामांचीच भरती केली. एक गुलाम सुटला आणि गुलामगिरी तशीच राहिली. आजचा मुकादम पुष्कळदा काल कोयता धरणाराच असतो, त्याच तांड्यातला, त्याच जातीतला. त्याच्याकडे बोट दाखवून 'पाहा, मजूरही वर येतो' असे सांगणाऱ्यांनी अंबरापूरचा इतिहास पुन्हा एकदा वाचावा.

मग पक्षाने काय करावे? १७ सप्टेंबर टाकून देऊ नये. तो खऱ्या रक्ताने मिळालेला दिवस आहे. पण त्याच्या जोडीला २५ ऑक्टोबर उभा करावा, आणि तो सरकारकडे मागू नये. सरकारने दिला तर त्याचीही प्रभातफेरी होईल. आणीबाणीच्या सरकारची सही पाहून बिचकण्याचेही कारण नाही. ग्रेंजरच्या सहीने टेक्ससचे लोक बिचकले नाहीत. त्या वटहुकुमामागे प्रसिद्धीचा हेतू होता हे खरे धरले, तरी ज्याचे कर्ज विझले त्याच्या दृष्टीने हेतूचे मोल काय?

अडचण खरी आहे ती निराळीच. औसा तालुक्यात पक्षाच्या सहानुभूतिदारांचा मोठा भाग बागायतदार वा मध्यम शेतकरी आहे. कोणी बेलकुंडच्या तर कोणी किल्लारीच्या कारखान्याचा सभासद, आणि कित्येकांच्या घरी आजही सालगडी आहे. १९९३ च्या भूकंपाने किल्लारी परिसरात मालक आणि गडी एकाच ढिगाऱ्याखाली नेले. पुनर्वसनात मात्र घराचे क्षेत्रफळ मृतांच्या संख्येवरून वा कुटुंबातील माणसांवरून नव्हे, तर जमीनधारणेवरून ठरले. भूमिहीनाला अडीचशे चौरस फूट, मोठ्या जमीनधारकाला साडेसातशे. त्या वेळी या मोजपट्टीविरुद्ध तालुक्यातील पुरोगाम्यांचा आवाज किती चढला होता, हे ज्याचे त्याने आठवावे. २५ ऑक्टोबरच्या सभेला यायचे तर प्रत्येक कार्यकर्त्याने आधी आपल्या घरच्या गड्याची बाकी किती निघते ते पाहून यावे. ज्याच्या वहीत ती पाडव्यापासून पाडव्यापर्यंत चढत गेली असेल त्याने व्यासपीठावर बसू नये, खाली बसावे.

सभा किल्ल्याच्या दारासमोर घ्यावी. पुढाऱ्यांची भाषणे नकोत. कायद्याची चौथी ते नववी कलमे सोप्या मराठीत उतरवून ती कोयता धरणाऱ्या एखाद्या बाईकडून मोठ्याने वाचून घ्यावीत, वाचता येत नसेल तर तिने सांगावी. ज्यांनी साल घातले आहे अशा म्हाताऱ्यांनी आपली हकिकत सांगावी. नंतर आंबील आणि भज्जीची पंगत करावी, म्हणजे येळवसेला जे गावात नसतील त्यांची येळवस दोन महिने आधीच होईल. पंगतीला बसलेल्या प्रत्येकाचे नाव, उचलीची रक्कम, मुकादम आणि कारखाना यांची नोंद एका वहीत व्हावी आणि तिची प्रत दुसऱ्या दिवशी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या टेबलावर जावी. सोबत एक अर्ज असावा. उपविभागाच्या दक्षता समितीचे सदस्य कोण, तिची शेवटची बैठक कोणत्या तारखेला झाली, आणि त्या बैठकीचे इतिवृत्त पाहायला मिळेल काय. ट्रॅक्टर त्याच आठवड्यात निघतात, तेव्हा उत्तराला फार दिवसांची मुदत देऊन चालणार नाही.